एका गोलाचे मोल

फुटबॉलच्या सामन्यात गोल झाला म्हणजे सारे प्रेक्षक एकदम उठून उभे राहतात. गोल करणाऱ्या खेळाडूला त्याचे सोबती मिठ्या मारतात, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचे छायाचित्र झळकते आणि शाळकरी मुलांच्या तोंडी त्याचेच नाव होते. परंतु जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कोठे होते? प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू घेऊन वेगाने येतो. कडेचा बचावपटू त्याला सामोरा जातो आणि नकळत दोन पावले बाहेरच्या बाजूस रेटतो. त्याचा नेम चुकतो, चेंडू रेषेबाहेर जातो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. त्या दोन पावलांसाठी कोणी टाळी वाजवीत नाही. पुष्कळदा ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत. बेलारूस देशाचे सेर्गेई गुरेन्को यांनी सुमारे वीस वर्षे हेच काम केले. आपल्या देशाकडून ते ८० सामने खेळले आणि त्यांत त्यांच्या नावावर गोल नोंदले गेले ते अवघे ३.

बेलारूस हा पूर्व युरोपातील देश. त्याच्या पूर्वेस रशिया, दक्षिणेस युक्रेन, पश्चिमेस पोलंड आणि वायव्येस लिथुआनिया व लॅटव्हिया असून त्याला समुद्रकिनारा नाही. दाट अरण्ये, दलदलीचे प्रदेश आणि संथ वाहणाऱ्या नद्या यांनी तो व्यापलेला आहे. त्याची लोकसंख्या एक कोटीच्या आत आहे; म्हणजे एकट्या मुंबई शहरात त्याहून अधिक माणसे राहतात. हिवाळ्यात तेथील मैदाने बर्फाखाली झाकून जातात. म्हणून तेथील फुटबॉलची साखळी स्पर्धा वसंतात सुरू होते आणि शरद ऋतू सरताना संपते. या देशाच्या अगदी पश्चिम टोकाला, पोलंडच्या सरहद्दीजवळ, नेमान नदीच्या काठी ग्रोद्नो नावाचे जुने शहर आहे. पोलंडचा राजा स्तेफान बातोरी याचा किल्ला तेथे आहे आणि त्याच शहरी १५८६ मध्ये त्याचा अंत झाला. गुरेन्को यांचा जन्म ३० सप्टेंबर १९७२ रोजी याच ग्रोद्नोत झाला.

त्या काळी बेलारूस हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. सोव्हिएत संघातील पंधरा प्रजासत्ताकांपैकी ते एक होते. सोव्हिएत संघाच्या फुटबॉल स्पर्धेत मॉस्को आणि कीव्ह येथील मातब्बर संघांचे वर्चस्व असे. १९८२ मध्ये मात्र बेलारूसच्या राजधानीतील दिनामो मिन्स्क या संघाने सर्वांना मागे टाकून विजेतेपद मिळविले. एदुआर्द मालोफेयेव्ह हे त्या संघाचे प्रशिक्षक होते. गुरेन्को त्या वर्षी नुकतेच दहा वर्षांचे झाले होते. हे मालोफेयेव्ह पुढे या कथेत पुन्हा येणार आहेत.

ग्रोद्नोचा संघ मिन्स्कच्या तुलनेने लहान होता. शहरात रासायनिक खतांचा मोठा कारखाना असल्यामुळे संघाचे नावही ‘खिमिक’, म्हणजे रसायन तयार करणारा, असे होते. पुढे तो आपल्या नदीच्या नावाने ‘नेमान’ म्हणून ओळखला जाऊ लागला. गुरेन्को १९८९ मध्ये या संघात दाखल झाले. दोनच वर्षांनी, १९९१ च्या अखेरीस, सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि बेलारूस स्वतंत्र झाला. नव्या देशाला नवा ध्वज हवा असतो, नवे चलन हवे असते, तसा नवा फुटबॉल संघही हवा असतो. १९९२ मध्ये बेलारूसची स्वतंत्र साखळी स्पर्धा सुरू झाली. १९९३ मध्ये बेलारूस चषकाच्या अंतिम सामन्यात नेमान संघाने रेचित्सा शहराच्या संघाचा २–१ असा पराभव केला. एका गोलाच्या फरकाने मिळालेला हा विजय! गुरेन्को यांच्या पुढील आयुष्यात हा एका गोलाचा फरक वारंवार येत राहिला. कधी त्याने यश दिले, तर कधी हातातोंडाशी आलेला घास हिरावून नेला.

बचावपटूचे काम म्हणजे चेंडूवर झडप घालणे, अशी नवशिक्याची समजूत असते. वस्तुतः झडप हा शेवटचा उपाय होय. ती चुकली की बचावपटू जमिनीवर पडतो आणि प्रतिस्पर्ध्याला वाट मोकळी होते. म्हणून कसलेला बचावपटू प्रतिस्पर्ध्यापासून थोडे अंतर राखून, किंचित तिरका उभा राहून, मागे मागे सरकत राहतो. त्याची दृष्टी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांच्या किंवा पायांच्या हुलकावण्यांवर नसते. ती चेंडूवर असते, कारण चेंडूला हुलकावणी देता येत नाही. कडेच्या बचावपटूला आणखी एक मूक साहाय्यक लाभलेला असतो. तो म्हणजे मैदानाची बाजूची रेषा. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. समोरून पाहिले तर ती एखाद्या वाड्याच्या दिंडी दरवाजासारखी भासते. परंतु मैदानाच्या कडेवरून पाहिले तर तिची रुंदी आक्रसत जाऊन ती अर्धवट लोटलेल्या कवाडाच्या फटीएवढी दिसते. प्रतिस्पर्ध्याला दरवाजासमोर येऊ न देता त्या फटीकडे नेणे, यातच कडेच्या बचावपटूचे सारे कसब असते.

शिवाय हे काम एकट्याचे नव्हे. ऑफसाइडच्या नियमानुसार, आपल्या सोबत्याने चेंडू पुढे टाकला त्या क्षणी चढाई करणारा खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असला, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. त्या दोघांपैकी एक बहुधा गोलरक्षकच असतो. पूर्वी हा आकडा तीन होता. १९२५ मध्ये तो दोन करण्यात आला. या नियमाचा लाभ घेण्यासाठी बचावफळीतील चौघे एका अदृश्य दोरीने बांधल्याप्रमाणे एकदम पुढे सरकतात आणि एकदम मागे येतात. चौघांपैकी एक जण जरी पाऊलभर मागे रेंगाळला, तरी इतर तिघांचे श्रम वाया जातात. आघाडीच्या खेळाडूने नऊ संधी दवडल्या आणि दहावी साधली, तर त्या दिवशी तो वीर ठरतो. बचावपटूने नऊ चढाया रोखल्या आणि दहावी चुकविली, तर लोकांना ती दहावीच आठवते. हा न्याय खचितच कठोर आहे. पण तो पत्करल्यावाचून या जागेवर कोणाला खेळता येत नाही.

१९९५ मध्ये गुरेन्को मॉस्कोच्या लोकोमोतीव संघात गेले. लोकोमोतीव म्हणजे आगगाडीचे इंजिन. रेल्वेच्या कामगारांचा म्हणून हा संघ प्रसिद्ध असून युरी स्योमिन हे त्याचे प्रशिक्षक होते. या संघाने १९९६ मध्ये आपल्याच शहरातील स्पार्ताक संघाचा ३–२ असा, तर १९९७ मध्ये दिनामो मॉस्कोचा २–० असा पराभव करून लागोपाठ दोन वर्षे रशियन चषक जिंकला. निरनिराळ्या देशांतील चषकविजेत्यांची एक स्वतंत्र युरोपीय स्पर्धा त्या वेळी होत असे. तीत लोकोमोतीव १९९८ आणि १९९९ अशी दोन्ही वर्षे उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला.

१९९९ च्या उपान्त्य फेरीची हकीकत समजण्यासाठी एक नियम ठाऊक असला पाहिजे. युरोपातील अशा स्पर्धांत दोन संघ प्रत्येक फेरीत दोन सामने खेळतात; एक आपल्या मैदानावर आणि एक परक्या. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज समसमान झाली, तर परक्या मैदानावर ज्याने अधिक गोल केले तो संघ विजयी, असा नियम १९६५ मध्ये प्रथम करण्यात आला. परगावी गेलेल्या संघाने केवळ स्वतःचे रक्षण करीत बसू नये, हा त्याचा हेतू होता. परंतु त्यामुळे यजमान संघाच्या बचावपटूंवरील भार मात्र वाढला. घरच्या मैदानावर स्वीकारलेला एक गोल आता जवळजवळ दीड गोलाएवढा महाग झाला. त्या वर्षी लोकोमोतीवची गाठ इटलीतील रोम शहराच्या लात्सिओ संघाशी पडली. मॉस्कोतील सामना १–१ असा बरोबरीत सुटला. रोममध्ये लोकोमोतीवच्या बचावफळीने एकही गोल होऊ दिला नाही आणि तो सामना ०–० असा संपला. दोन सामन्यांत एकदाही न हरता लोकोमोतीव स्पर्धेबाहेर गेला, कारण मॉस्कोत झालेला तो एक गोल लात्सिओच्या पदरात होता. अंतिम सामना जिंकून लात्सिओने चषकही मिळविला.

त्याच वर्षी गुरेन्को रोमला राहावयास गेले. परंतु लात्सिओकडे नव्हे, तर त्याच शहरातील रोमा या प्रतिस्पर्धी संघाकडे. बचावपटूने इटलीत जाणे म्हणजे गायकाने नामांकित घराण्यात शिकावयास जाण्यासारखे होते. बचावाची कला इटलीने जितक्या आस्थेने जोपासली तितकी क्वचितच कोणत्या देशाने जोपासली असेल. तेथील एका जुन्या बचावपद्धतीचे नाव ‘कातेनाच्चो’ असे आहे. त्याचा अर्थ दाराचा अडसर. १९६० नंतरच्या दशकात मिलान शहराच्या इंटर संघाने या अडसराच्या बळावर सारा युरोप जिंकला होता.

परंतु गुरेन्को यांच्यापुढे तेथे एक निराळाच अडसर उभा राहिला. रोमा संघात उजव्या कडेला काफू खेळत असत. ब्राझीलचे हे खेळाडू त्या जागेवरील जगातील सर्वोत्तम मानले जात आणि २००२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली ब्राझीलने विश्वचषक जिंकला. डाव्या कडेला विश्वविजेत्या फ्रान्सचे व्हँसाँ कांदेला होते. साहजिकच गुरेन्को यांच्या वाट्याला फारच थोडे सामने आले. मोठ्या संघाच्या राखीव बाकावर बसून राहणे हेही खेळाडूच्या आयुष्याचे एक अंग असते. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. २००१ मध्ये रोमाने गुरेन्को यांना स्पेनमधील सारागोसा संघाकडे काही काळ खेळण्यासाठी पाठविले. त्याच वर्षी जूनमध्ये रोमाने इटलीचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा गुरेन्को स्पेनमध्ये होते. मात्र त्याच महिन्याच्या ३० तारखेस सारागोसानेही सेल्ता संघाचा ३–१ असा पराभव करून स्पेनच्या राजाच्या नावाचा चषक पटकाविला.

तेथून ते इटलीतील पार्मा संघात आले. २००२ मध्ये इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत पार्माची गाठ बलाढ्य युव्हेंटसशी पडली. तूरीन येथील पहिला सामना पार्माने १–२ असा गमावला, परंतु घरच्या मैदानावर १–० असा विजय मिळविला. बेरीज झाली २–२. परक्या मैदानावरील त्या एका गोलामुळे चषक पार्माला मिळाला. ज्या नियमाने तीन वर्षांपूर्वी गुरेन्को यांच्या संघाला घरी पाठविले होते, त्याच नियमाने या वेळी हात दिला.

या सर्व काळात ते आपल्या देशाच्या संघातूनही खेळत होते. १९९४ पासून बारा वर्षे त्यांनी बेलारूसचे प्रतिनिधित्व केले. हा संघ नवा, अननुभवी होता. पण त्याला कमी लेखणाऱ्यांस धडा मिळत असे. ७ जून १९९५ रोजी मिन्स्कमध्ये नेदरलँड्सचा संघ आला. त्या देशाच्या आयाक्स संघाने दोनच आठवड्यांपूर्वी युरोपचे विजेतेपद मिळविले होते. अशा मातब्बर पाहुण्यांना बेलारूसने १–० असे हरविले. सेर्गेई गेरासिमेत्स यांनी गोल केला. आणि तो पुरला, याचे श्रेय बचावफळीचे.

खरी कसोटी आली ती २००१ मध्ये. २००२ च्या विश्वचषकासाठी पात्रता सामने चालू होते आणि मालोफेयेव्ह आता राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. गटातील पहिला संघ थेट विश्वचषकास जाणार होता, तर दुसऱ्यास जर्मनीशी आणखी दोन सामने खेळण्याची संधी मिळणार होती. १ सप्टेंबर रोजी मिन्स्कमध्ये युक्रेनने बेलारूसला ०–२ असे हरविले, तेव्हा सारे संपले असे वाटले. परंतु चारच दिवसांनी गटात अग्रस्थानी असलेल्या पोलंडला बेलारूसने ४–१ असे पराभूत केले. चारही गोल रोमान वासील्युक या एकाच खेळाडूने केले. आता फक्त शेवटचा सामना उरला. बेलारूसचे गुण होते १५ आणि युक्रेनचे १६. शेवटचा सामना वेल्सविरुद्ध कार्डिफ शहरात ६ ऑक्टोबर रोजी होता. वेल्सचा संघ गटात खालच्या क्रमांकावर असून त्याच्या सर्व आशा केव्हाच संपल्या होत्या. त्याच दिवशी युक्रेनला पोलंडमध्ये १–१ अशी बरोबरी पत्करावी लागली. म्हणजे त्यांचे गुण १७ झाले. बेलारूस जिंकता तर त्याचे १८ गुण होऊन दुसरे स्थान त्याला मिळते. पण कार्डिफचा सामना ०–१ असा गेला. एक गोल झाला. तो चुकीच्या बाजूने झाला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या इतक्या जवळ बेलारूस त्यानंतर आलेला नाही आणि आजवर त्याला तेथे प्रवेश मिळालेला नाही.

पियाचेंत्सा या इटालियन संघात थोडा काळ खेळून गुरेन्को २००३ मध्ये लोकोमोतीवला परतले. आता त्यांचे वय तिशी ओलांडून गेले होते. कडेच्या बचावपटूला १०५ मीटर लांबीच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत धावावे लागते. तिशीनंतर पाय ही गोष्ट विसरू देत नाहीत. तरीही पुढील पाच वर्षे ते तेथे टिकून राहिले. २००४ च्या प्रारंभी युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत लोकोमोतीवने मोनाको संघाला मॉस्कोत २–१ असे हरविले, परंतु मोनाकोत ०–१ अशी हार पत्करली. बेरीज पुन्हा समसमान. पुन्हा घरी स्वीकारलेला एक गोल नडला. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस लोकोमोतीव रशियाचा विजेता झाला. शेवटच्या दिवशी यारोस्लाव्हल येथे विजय मिळविल्यावर त्याचे ६१ गुण झाले. दुसऱ्या क्रमांकावरील संघाचे ६० होते. २००७ मध्ये जादा वेळेतील एकमेव गोलाने संघाने रशियन चषकही जिंकला. २००८ मध्ये गुरेन्को यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली.

पुढे ते प्रशिक्षक झाले. २०१८ मध्ये दिनामो मिन्स्क, म्हणजे त्यांच्या बालपणी सोव्हिएत अजिंक्यपद जिंकणारा तोच संघ, त्यांच्या हाती होता. ऑगस्ट महिन्यात युरोपा लीग स्पर्धेत त्याची गाठ रशियातील श्रीमंत झेनित संघाशी पडली. मिन्स्कमधील पहिला सामना दिनामोने ४–० असा जिंकला. एवढी आघाडी घेतल्यावर बचावपटू राहिलेल्या प्रशिक्षकाला निश्चिंत झोप लागावयास हरकत नव्हती. आठवड्याने सेंट पीटर्सबर्ग येथे दुसरा सामना झाला. झेनितचा एक खेळाडू पंचांनी मैदानाबाहेर काढला. तरीही नियमित वेळ संपेपर्यंत झेनितने चार गोल करून बेरीज ४–४ अशी केली. सामना जादा वेळेत गेला. तेथे दिनामोने एक गोल केला. परक्या मैदानावरील गोल! आता बेरीज ५–४ अशी दिनामोच्या बाजूने होती आणि झेनितला एक नव्हे, तर आणखी दोन गोल करणे भाग होते. तेही दहाच खेळाडूंनिशी. काही मिनिटे मिन्स्कचा संघ पुढील फेरीत गेल्यासारखाच होता. त्यानंतर झेनितने एकामागून एक चार गोल केले आणि सामना ८–१ असा संपला. युरोपीय फुटबॉलमध्ये असा पालट क्वचितच घडला असेल.

परक्या मैदानावरील गोलास अधिक महत्त्व देणारा तो नियम युरोपीय फुटबॉल संघटनेने २०२१ मध्ये रद्द केला.